न मिळालेलं सेना पदक: साताऱ्याकडचं एक प्रकरण, कलमांसह

सातारा जिल्ह्यात फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला गाव 'मेजर' म्हणतं. शिपाई म्हणून भरती झाला, नायक होऊन परत आला, तरी एसटी स्टँडवर हाक तीच, "काय मेजर, कधी आलात?" ह्यात फसवणूक नाही, मान आहे. पण स्वतःच्या कर्तबगारीबद्दल खोटं सांगणं गुन्हा ठरवायचं म्हटलं, की पहिला पेच ह्या हाकेपाशीच पडतो. मेजर नसलेल्याला मेजर म्हणणारे दहा जण आणि ते खोडून न काढणारा एक, ह्यांतला आरोपी कोण?

पुढचं प्रकरण कुठल्या एका गावाचं किंवा एका माणसाचं नाही. अशा वादांत जे जे येतं ते अभ्यासासाठी एका गृहस्थाच्या नावावर एकत्र मांडलं आहे, म्हणून नाव-गाव दिलेलं नाही. कायद्याची कलमं, मुदती आणि शिक्षा मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

दावा कसा वाढत गेला

गृहस्थांचा जन्म १९७२ चा. एकोणिसाव्या वर्षी भरती, सतरा वर्षं नोकरी, २००८ मध्ये नायक म्हणून पेन्शनवर घरी. नोकरी स्वच्छ, डिस्चार्ज बुकात शेरा चांगला. १९९९ साली कारगिलचं युद्ध चालू असताना त्यांची तुकडी राजस्थानच्या सीमेवर होती. त्या काळात सीमेलगतच्या भागांत तैनात असलेल्यांना 'ऑपरेशन विजय मेडल' मिळालं. ते ह्यांनाही मिळालं आणि ते खरं आहे. प्रत्यक्ष कारगिलच्या युद्धक्षेत्रात जे होते त्यांचं पदक वेगळं, त्याचं नाव 'ऑपरेशन विजय स्टार'. गावाला हा फरक ठाऊक असण्याचं कारण नाही. 'ऑपरेशन विजय' म्हणजे कारगिल, इतकंच सगळ्यांना माहीत. त्यामुळं पहिली काही वर्षं ह्या गृहस्थांनी खोटं सांगितलंच नाही. लोकांनी गृहीत धरलं, ते गप्प राहिले.

मग एका गणेशोत्सवात निवेदकानं 'कारगिल योद्धे' म्हणून नाव पुकारलं. पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर नावाआधी 'सुभेदार' आलं, म्हणजे नायकापेक्षा बराच वरचा हुद्दा. २०२३ च्या १५ ऑगस्टला हायस्कूलच्या पत्रिकेत 'सेना पदक विजेते' छापलं गेलं. सेना पदक म्हणजे लष्करातलं शौर्यपदक, आणि ते ह्यांना मिळालेलं नव्हतं. शाल, श्रीफळ आणि अकराशे रुपयांचं पाकीट मिळालं. २०२४ च्या २६ जानेवारीला ते गणवेश चढवून, छातीवर पाच पदकं लावून झेंडावंदनाला उभे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये भरतीपूर्व प्रशिक्षणाची अकॅडमी सुरू झाली. पत्र्याची शेड, माळावर आखलेला चारशे मीटरचा ट्रॅक, ३४ मुलं, राहणं-जेवण धरून महिना साडेसहा हजार. पत्रकावर ठळक ओळ: 'सेना पदक विजेते सुभेदार यांचं प्रत्यक्ष मार्गदर्शन.' ऑफिसात खुर्चीमागं काचेच्या फ्रेममध्ये सन्मानपत्र.

हा क्रम नीट लक्षात ठेवावा लागतो. गप्प राहणं, तोंडानं सांगणं, छापू देणं, अंगावर घालणं, त्यावर पैसे घेणं आणि कागद तयार करणं ह्या सहा वेगळ्या कृती आहेत. 'खोटारडा आहे, आत टाका' असं म्हणत ठाण्यात जाणारे त्या एकाच गाठोड्यात बांधतात, आणि गाठोडं ठाण्याच्या पायरीवरच सुटतं.

फोटोतली ओळ

शंका आली ती शेजारच्या गावच्या एका निवृत्त नायब सुभेदारांना. त्यांचा भाचा अकॅडमीत होता. त्याला भेटायला गेले आणि गेटवरच्या फ्लेक्ससमोर थांबले.

पदकांची ओळ छातीच्या मध्याकडून बाहेर लागते. सर्वांत मानाचं पदक मध्याजवळ. आधी शौर्याची, मग मोहिमांची, मग सेवेच्या वर्षांची. सेना पदकाची फीत लाल, मधोमध बारीक पांढरी रेघ. फ्लेक्सवरच्या फोटोत ही लाल-पांढरी फीत ओळीच्या बाहेरच्या टोकाला होती, नऊ वर्षांच्या सेवेच्या पदकाच्याही पलीकडं. ज्याला सेना पदक मिळालं आहे त्याची ओळ तिथूनच सुरू होते. ते शेवटी लावायचं त्याच्या हातून सहसा होत नाही. दुसरी गोष्ट, कारगिलला लढलेल्या माणसाच्या ओळीत स्टार हवा. इथं फक्त मेडल होतं. तिसरी, सतरा वर्षांच्या नोकरीत शिपायाचा सुभेदार होणं फार विरळा.

ही तिन्ही खूण म्हणून पक्की, पुरावा म्हणून कच्ची आहेत. घाईत ओळ उलटी लागू शकते. फोटो आरशासमोर किंवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं घेतलेला असला तर डावं-उजवं बदलतं. खऱ्या पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं, हे बरोबर; पण मूळ पदक हरवू नये म्हणून खरे मानकरीही बाजारात मिळणारी नक्कल लावतात, त्यामुळं कोरी कड दिसली म्हणजे माणूस खोटा असं म्हणता येत नाही. दिवंगत वडिलांची पदकं मुलानं लावायची पद्धत उजव्या छातीवर आहे. कित्येकांना ती माहीत नसते, आणि डावीकडं लावलेली वडिलांची पदकं पाहून पोरावर तोतयेगिरीचा आळ येतो. ज्यांना लष्करी कागद वाचता येत नाहीत त्यांच्या घरी लष्करप्रमुखांच्या प्रशंसापत्रालासुद्धा 'मेडल' म्हणतात. असल्या घरावर बोट ठेवणं हे क्रौर्य आहे.

पडताळणीची वाट

शौर्यपदक ही गुपित गोष्ट नाही, त्यामुळं तपास सोपा आहे. याद्या मुख्यतः २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात, भारताच्या राजपत्रात छापल्या जातात. केंद्र सरकारचं शौर्य पुरस्कारांचं संकेतस्थळ आहे, त्यावर नावानं शोधता येतं. इथं चूक होते ती आडनावापाशी. जाधव, शिंदे, पवार, निकम ही आडनावं आपल्याकडं इतकी की पहिलं नावही जुळणारा दुसराच माणूस सापडतो आणि 'बघा, यादीत आहे' म्हणून विषय संपतो. इंग्रजी स्पेलिंग बदललेलं असतं ते वेगळंच. म्हणून नावाबरोबर सेवा क्रमांक, त्या वेळचा हुद्दा आणि रेजिमेंट जुळली पाहिजे. ह्या प्रकरणात नाव सापडलं, पण रेजिमेंट दुसरी होती आणि तो जवान शहीद झालेला होता. 'मरणोत्तर' हा शब्द आधी बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटला होता.

दुसरा कागद डिस्चार्ज बुक. त्यात हुद्दा, सेवेचा काळ आणि मिळालेली पदकं नोंदलेली असतात. झेरॉक्स नको, मूळ पुस्तक बघावं. तिसरी वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. माजी सैनिकांची नोंदणी तिथं असते. शाळेनं किंवा ग्रामपंचायतीनं लेटरहेडवर 'अमुक यांचा सत्कार करायचा आहे, हुद्दा व पुरस्कार यांची खातरजमा व्हावी' असं विचारलं तर ते सरळ काम आहे. माहिती अधिकारात मात्र दुसऱ्याची सेवा-नोंद मागू नये. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कर्मचाऱ्याची सेवेतली नोंद ही व्यक्तिगत माहिती मानली आहे, अर्ज बहुधा फेटाळला जातो आणि तीस दिवस फुकट जातात. पुरस्कार मिळाला की नाही, एवढंच हवं असेल तर राजपत्र उघडंच आहे.

ह्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सरकारदरबारी हे खोटं टिकत नाही. माजी सैनिकांच्या आरक्षणाला, घरपट्टीच्या माफीला, शौर्यपदकाच्या अनुदानाला कागद लागतात. ह्या गृहस्थांनी घरपट्टी माफ करून घेतली ती माजी सैनिक म्हणून, रीतसर. सेना पदकाचं अनुदान त्यांनी कधी मागितलं नाही. खोटं चाललं ते जिथं कुणी कागद मागत नाही तिथं: शाळेत, मंडळात, यात्रा कमिटीत, लोकल यूट्यूब चॅनेलवर आणि मुलाच्या भरतीसाठी घायकुतीला आलेल्या बापापुढं.

पहिली चूक

नायब सुभेदारांनी राजपत्राची यादी मिळवली आणि त्याच रात्री माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसकट टाकली, वर 'तोतया' असं लिहून. सकाळी अकॅडमीच्या गेटवरचा फ्लेक्स उतरलेला. फेसबुकचं पान बंद. पत्रकांचा गठ्ठा गायब. दुपारपर्यंत प्रकरण दोन गटांचं झालं होतं, कारण नायब सुभेदारांचा चुलतभाऊ गेल्या निवडणुकीत पडलेल्या पॅनेलमध्ये होता.

वरून बदनामीची नोटीस आली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी तरतूद आहे. पुष्कळांना वाटतं की गोष्ट खरी असली म्हणजे बदनामी होत नाही. फौजदारी कायद्यात तेवढ्यानं भागत नाही. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगणं आवश्यक होतं, हेही दाखवावं लागतं. ३४ मुलांकडून फी घेणाऱ्या जाहिरातीबद्दल लोकहित सहज दाखवता येतं. त्या मेसेजमध्ये मात्र जाहिरातीचा उल्लेखच नव्हता, होती ती शिवी.

आधी करायचं होतं ते वेगळं. फ्लेक्सचे फोटो, शेजारची ओळखीची इमारत चौकटीत धरून. पत्रकाची मूळ प्रत आणि ते कुणाकडून, कधी मिळालं ह्याची नोंद. फेसबुक पानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग, वरचा पत्ता दिसेल असं. फीच्या पावत्या, फोनपेच्या नोंदी. दोन-तीन पालकांचं लेखी म्हणणं. ह्याला चार दिवस लागले असते.

ठाण्यात कुठलं कलम

तक्रार गेली २०२५ च्या मार्चमध्ये. ठाणे अंमलदारांनी सरळ विचारलं, "कलम कुठलं लावू?" लोकांना हा प्रश्न उडवाउडवीचा वाटला, पण तो योग्य होता.

तक्रारदारांनी सांगितलं, गणवेशाचं. न्याय संहितेचं कलम १६८ म्हणतं: जो सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक नाही, त्यानं आपण तसे आहोत असं मानलं जावं ह्या हेतूनं त्यांच्यासारखा पोशाख किंवा चिन्ह वापरलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गणवेश घातला होता २६ जानेवारी २०२४ ला आणि नवी संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. म्हणजे जुनं भारतीय दंड संहितेचं कलम १४०, दंड पाचशेपर्यंत. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची न्यायालयानं दखल घेण्याची मुदतही एक वर्षाचीच. ती जानेवारी २०२५ मध्ये सरली. खोटेपणा कळला त्या दिवसापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येतो आणि न्यायहितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे, पण तीन महिन्यांच्या कलमासाठी खटल्याची पहिली दोन वर्षं ह्याच वादात जातात.

त्याहून मोठी फट कलमाच्या शब्दांत आहे. 'आपण सैनिक आहोत' असं मानलं जावं, हा हेतू हवा. ह्या गृहस्थांचं म्हणणं, मी निवृत्त आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, मी सेवेत आहे असं भासवलंच नाही. त्यांचं हे म्हणणं खरं आहे. म्हणजे जो कधीच फौजेत नव्हता त्याला हे कलम पकडतं. जो खरोखर नोकरी करून आला आणि न मिळालेलं पदक लावून फिरला, तो त्याच्या शब्दांत नीट बसत नाही. लोकसेवकाच्या पोशाखाचं कलम २०५ हेतूच्या शब्दांवर तसंच अडतं. लोकसेवक असल्याची बतावणी, कलम २०४, ह्याला सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, पण त्या पदाच्या नावाखाली काही कृती केलेली किंवा करू पाहिलेली असावी लागते. मुलांकडून दोरावर चढण्याचा सराव करून घेणं ही सुभेदारपदाच्या अधिकारातली कृती नव्हे.

उरलं कलम ३१८, फसवणूक. ह्या कलमाखालचं पहिलं उदाहरण १८६० च्या दंड संहितेपासून तसंच चालत आलं आहे: सरकारी सेवेत असल्याची थाप मारून, पैसे देण्याचा हेतू नसताना, दुकानदाराकडून उधारीवर माल नेणारा माणूस. आपला कायदा पहिल्यापासून काय पाहतो हे त्यात दिसतं. थापेमुळं दुकानदाराच्या हातून माल सुटला, तिथं गुन्हा घडला. फसवून मालमत्ता द्यायला लावल्यास ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

फी ही मालमत्ता आहे. प्रश्न असा की ती पदकामुळं दिली का? सोळा पालकांना विचारलं. सहा जणांनी सांगितलं, पत्रक वाचूनच पोरगं घातलं, नाहीतर कराडजवळच्या दुसऱ्या अकॅडमीत घालणार होतो, तिथं हजार रुपये कमी होते. सात जण म्हणाले, आम्ही जेवण बघितलं आणि ट्रॅक बघितला. तिघांनी जबाब द्यायला नकार दिला. सात जणांचा जबाब खटला कमकुवत करतो म्हणून तो लिहूनच घ्यायचा नाही, असा सल्ला एका वकिलांनी दिला होता. तो पाळला नाही हे बरं झालं. लपवलेला जबाब उलटतपासणीत बाहेर आला की सहा जणांचाही जातो.

भिंतीवरची फ्रेम

खरा गुन्हा खुर्चीमागं टांगलेला होता. सन्मानपत्र दुरून झकास दिसत होतं. जवळून पाहिलं तर नावाची ओळ बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित काळी, आणि तिच्या मागचा कागदाचा पिवळसर पोत एका आयताकृती पट्टीपुरता गायब. स्कॅन केलेल्या कागदावर पांढरी पट्टी टाकून नवं नाव टाइप केलं की असंच दिसतं. पत्रातली तारीख आणि राजपत्रात सापडलेल्या त्या शहीद जवानाच्या पुरस्काराची तारीख एकच होती.

पैसे काढण्यासाठी किंवा दावा रेटण्यासाठी बनावट दस्तऐवज करणं हे कलम ३३६. फसवणुकीसाठी केला तर उपकलम ३ खाली सात वर्षांपर्यंत. बनावट आहे हे माहीत असताना खरा म्हणून वापरला तर ३४०(२), शिक्षा तो बनवणाऱ्याइतकीच. इथं 'मी निवृत्त आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं' हा बचाव चालत नाही, हेतूबद्दल फाटे फुटत नाहीत, पालकांना काय वाटलं ह्यावरही सगळं अवलंबून राहत नाही. ठाण्यात पहिल्या दिवशी फ्रेमचा फोटो दाखवला असता तर 'कलम कुठलं' ह्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं असतं.

जप्तीच्या वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आवश्यक आहे. पंचांनी फ्रेम भिंतीवरून उतरवताना मोबाइल चालू होता. फ्रेम उघडून कागद बाहेर काढायचा नव्हता, कारण मागच्या पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याच्या दुकानाचं स्टिकर होतं. त्या स्टिकरवरून तालुक्याच्या गावातला डीटीपीवाला सापडला. त्याच्या संगणकात कोरलड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल शिल्लक होती, आणि पांढरी पट्टी बाजूला सरकवली की खाली मूळ नाव. अशी फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून आणली तर उपयोग नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं: एक भाग संगणक ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा. डीटीपीवाल्याला आधी आरोपी करायचं की साक्षीदार, ह्यावर थोडी ओढाताण झाली. त्यानं शंभर रुपयांत काम करून दिलं होतं आणि गिऱ्हाईक काय छापून घेतंय हे वाचायची त्याला सवय नव्हती. तो साक्षीदार झाला.

अशा तक्रारीत गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करायचा. ह्या प्रकरणात ती वेळ आली नाही.

पालकांची दुसरी वाट ग्राहक आयोगाची. साताऱ्यात जिल्हा आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथं 'दिशाभूल करणारी जाहिरात' एवढं दाखवणं पुरतं. हेतू सिद्ध करत बसावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८९ तर अशा जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सांगतं, फक्त त्याची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडून किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडूनच यावी लागते.

मग नुसतं बोलणं?

तक्रारदारांची खरी मागणी ह्यापेक्षा मोठी होती. पारावर बसून 'मला सेना पदक मिळालं' म्हणणं हाच गुन्हा करा, असं निवेदन त्यांनी तयार केलं. त्यामागचं दुःख समजून घ्यायला हवं. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, गावाच्या नावाला 'मिलिटरी' चिकटलं ते त्यामुळं. जावळीतल्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळ्यांना अशोकचक्र मिळालं ते गोळ्या अंगावर घेऊन कसाबची बंदूक धरून ठेवल्याबद्दल. अशा जिल्ह्यात कुणी डीटीपीच्या दुकानातून शौर्य छापून आणतं तेव्हा ज्यांच्या घरात फोटोला हार आहे त्यांच्या काळजाला लागतं. त्या शहीद जवानाच्या घरच्यांना आपल्या माणसाच्या सन्मानपत्रावर दुसऱ्याचं नाव बघावं लागलं. ह्याची भरपाई कुठल्याच कलमात नाही.

तरीही ती मागणी चुकीची आहे, असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकेनं हा प्रयोग करून पाहिला आहे. २००५ चं विधेयक २००६ च्या डिसेंबरात कायदा झालं: लष्करी पदक मिळाल्याचा खोटा दावा केला की सहा महिने कैद, सर्वोच्च पदकाबद्दल एक वर्ष. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचा सदस्य झेवियर अल्वारेझ भर बैठकीत म्हणाला की मी पंचवीस वर्षं मरीनमध्ये होतो आणि मला सर्वोच्च पदक मिळालंय. दोन्ही खोटं. त्या बोलण्यातून त्याला काही मिळालं होतं असं नाही. २८ जून २०१२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती केनेडींच्या निकालपत्रात एक साधा उपाय सुचवला होता: सरकारनं मानकऱ्यांची यादी इंटरनेटवर टाकावी, खोटं आपोआप उघडं पडेल. २०१३ मध्ये नवा कायदा आला, त्यात पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस लाभ मिळवण्याचा हेतू असेल तरच गुन्हा.

आपल्या घटनेत तर हे आणखी स्पष्ट आहे. कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधन घालण्याची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीती, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. 'असत्य' हे कारण त्या यादीत नाही. मराठी माणसाला तोतया म्हटलं की पानिपतानंतर स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणारा आठवतो. १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली, पण त्यानं नाव सांगून स्वस्थ बसायचं ठरवलं नव्हतं. कोकणात किल्ले घेतले होते, फौज जमवली होती.

आणि व्यवहाराची बाजू. नुसत्या बोलण्याचा गुन्हा झाला तर तक्रार कोण करेल? भाऊबंदकीतला चुलता, पडलेलं पॅनेल, बांधाच्या वादातला शेजारी. पुरावा काय? पारावर ऐकणारे चार जण, तेही दोन गटांचे. पिंजऱ्यात उभा राहणार तो ऐंशी वर्षांचा हवालदार, ज्याला आता १९६५ आणि १९७१ मधला फरक आठवत नाही आणि जो नातवाला दोन्ही युद्धं एकाच गोष्टीत सांगतो. त्याच्या दारात समन्स घेऊन शिपाई पाठवणारा कायदा आम्हाला नको.

हवी ती दुरुस्ती लहान आहे. कलम १६८ ला जोडून एक उपकलम: राजपत्रात जाहीर होणारं शौर्यपदक आपल्याला मिळालेलं नाही हे माहीत असताना ते धारण केलं किंवा त्याचा दावा केला, आणि त्यामागं पैसा, मालमत्ता, नोकरी, पद, सवलत किंवा मत मिळवण्याचा हेतू असला, तर शिक्षा. माजी सैनिकही त्यात धरला जावा, म्हणजे आजची फट बुजेल. शब्दांना हात लागणार नाही, त्या शब्दांवर उभ्या केलेल्या दुकानाला लागेल.

सध्या कुठं आहे

गुन्हा ३३६(३), ३४०(२) आणि ३१८(४) खाली नोंदला गेला, गणवेशाचं कलम लावलं नाही. सहापैकी पाच पालक ग्राहक आयोगात गेले. अकॅडमी बंद झाली, पण आधीच्या तुकडीतली दोन मुलं अग्निवीर म्हणून भरती झाली आणि त्यांच्या वडिलांनी 'शिकवायला माणूस चांगला होता' असा जबाब दिला. तो कागदपत्रांत आहे. हायस्कूलनं सत्कारासाठी अर्ध्या पानाचा फॉर्म केला: सेवा क्रमांक, युनिट, निवृत्तीवेळचा हुद्दा, पुरस्कार असल्यास राजपत्राचं वर्ष, आणि खाली तपासणाऱ्या शिक्षकाची सही. नायब सुभेदारांनी तो पहिला मेसेज काढून टाकला, दिलगिरीचं पत्र दिलं ते फक्त 'तोतया' ह्या शब्दापुरतं, आणि बदनामीची नोटीस तिथंच थांबली.

जप्तीत पाच पदकं गेली होती. पंचनाम्यात त्यांचं वर्णन कडेवरच्या कोरीव अक्षरांवरून केलं आहे. सैन्य सेवा, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं, नऊ वर्षांच्या सेवेचं आणि ऑपरेशन विजय मेडल, ह्या चारांवर त्यांचाच क्रमांक आणि त्यांचंच नाव आहे. पाचव्याची कड कोरी. चार परत मिळावीत म्हणून त्यांच्या वकिलांनी अर्ज केला आहे, आणि त्याला तक्रारदारांची हरकत नाही.